मंगळवारचा मल्हार

आमच्या स्वयंपाकघरात टांगलेल्या दिनदर्शिकेवर तीन प्रकारच्या नोंदी असतात: दुधाचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची तारीख आणि गाण्याचे कार्यक्रम. पहिल्या दोन बाराही पानांवर सापडतात. गाण्याच्या नोंदी मात्र डिसेंबरच्या पानावर एकमेकींना कोपराने ढकलत बसलेल्या असतात, जानेवारी-फेब्रुवारीत थोड्या सांडतात, दिवाळी पहाटेचा एक लाल गोल असतो आणि मार्चपासून पुढची पाने जवळजवळ कोरी.

इतकी वर्षे हे मला खटकले नव्हते. मागच्या जुलैत लंडनला राहणारी भाची पुण्यात आली आणि एका मंगळवारी सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "मावशी, या आठवड्यात कुणाचं तरी ख्यालाचं गाणं ऐकायला जाऊ या ना." मी तीन-चार फोन केले. एकाने सांगितले, श्रावण लागू दे, आमच्याकडे भक्तिसंगीत आहे. दुसऱ्या ठिकाणी गुरुपौर्णिमेचा विद्यार्थ्यांचा कार्यक्रम नुकताच होऊन गेला होता. तिसऱ्याने मनापासून विचारले, "पाहुण्या डिसेंबरात नाही का येत?" भाची काही बोलली नाही. तिने फोन काढला आणि ती जिथे अधूनमधून जाते त्या तिथल्या विग्मोर हॉल या संगीतगृहाचे वेळापत्रक माझ्यापुढे धरले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंतच्या मैफली त्यात लावून ठेवल्या होत्या. कोण वाजवणार, काय वाजवणार, किती वाजता, तिकीट किती.

मला राग आला, खोटे कशाला बोलू? आमच्याकडे हजारो माणसे थंडीत घोंगड्या-शाली पांघरून गाणे ऐकतात, तुमच्याकडे ऐकतात का, असे ओठांवर आले होते. पण ते उत्तर नव्हते. प्रश्न जुलैतल्या मंगळवारचा होता.

पाश्चात्त्य संगीतगृहांत ज्याला सीझन म्हणतात तो साधारण सप्टेंबरात सुरू होतो आणि पुढल्या जून-जुलैत संपतो. तो आधी कित्येक महिने जाहीर होतो. रसिक वर्षभराची वर्गणी भरतात. व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइन या १८७० सालच्या सभागृहात तिथल्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाच्या रविवार सकाळच्या मैफलींची वर्गणी मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागते, आणि ज्यांना ती मिळत नाही ते स्वस्तात उभे राहून ऐकतात. विग्मोर हॉल १९०१ सालचा. एका जर्मन पियानो कंपनीने आपल्या दुकानाशेजारी बांधलेला, पहिल्या महायुद्धात मालकांच्या हातून गेलेला आणि नव्या नावाने पुन्हा उघडलेला. खुर्च्या जेमतेम साडेपाचशे, म्हणजे आपल्या बालगंधर्व रंगमंदिराच्या निम्म्याहून थोड्या जास्त. त्या साडेपाचशे खुर्च्यांवर वर्षाला पाचशेहून अधिक कार्यक्रम होतात. अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ या संगीतगृहात बुधवारी दुपारी, डबा खायच्या वेळेला, फुकट मैफल असते.

हे सगळे सांगून 'बघा, तिकडे कसे असते' असा सूर लावायचा माझा बेत नाही. तिकडेही सभागृहांत पांढऱ्या केसांचीच संख्या जास्त दिसते आणि ठरावीक शंभर-सव्वाशे रचना आलटून पालटून वाजत राहतात अशी तक्रार तिथलेच जाणकार करतात. मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे. ती म्हणजे सभागृहाने स्वतःहून वर्षाची जबाबदारी घेणे.

आपल्याकडे त्यासाठी शब्दही आहे. हंगाम. खरिपाचा, रब्बीचा, आंब्याचा, उसाच्या गाळपाचा. हंगामात पेरणी असते, निगराणी असते, कधी दुबार पेरणीचे संकट असते आणि मग सुगी येते. महोत्सव म्हणजे नुसती सुगी. पेरणी कुणी आणि कधी केली याची चौकशी न करता आपण दरवर्षी सुगीला हजर होतो. गंमत म्हणजे सवाई गंधर्व महोत्सवाच्या सगळ्या दिवसांच्या तिकिटाला पुणेकर 'सीझन तिकीट'च म्हणतात. पाच दिवसांचा सीझन!

या महोत्सवाबद्दल वाकडे बोलण्याची माझी योग्यता नाही आणि इच्छाही नाही. १९५२ मध्ये सवाई गंधर्व गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या पुण्यतिथीला भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ जे सुरू केले, त्याने महाराष्ट्राच्या चार पिढ्यांचे कान घडवले. मी त्याच मांडवात पहिल्यांदा तानपुरा जुळताना ऐकला आणि वडिलांच्या मांडीवर झोपलेही तिथेच. तेव्हा गाणे रात्रभर चाले. माझा आक्षेप महोत्सवाला नाही, महोत्सवाने सगळेच्या सगळे वर्ष गिळण्याला आहे. त्यात दोष कुणाचा असेल तर आपला, ऐकणाऱ्यांचा आणि शहरातल्या सभागृहांचा.

गिळले म्हणजे काय झाले, ते रागांच्या हिशेबाने सांगते.

हिंदुस्थानी संगीताने दिवसाचे आठ प्रहर आणि वर्षाचे ऋतू आपसात वाटून घेतले आहेत. पहाटेला ललित, भटियार. उजाडता भैरव, रामकली. ऊन चढू लागले की तोडी, देसी, जौनपुरी. माध्यान्हीला सारंगाचे प्रकार. मग भीमपलासी, मुलतानी. तिन्हीसांजेला मारवा, पूरिया, श्री. दिवे लागले की यमन, भूप, शुद्ध कल्याण. पुढे केदार, बिहाग, बागेश्री. रात्र मुरली की मालकंस, दरबारी, अडाणा. आणि रात्र उतरणीला लागली की सोहनी, परज. ऋतूंचे म्हणाल तर पावसाला मल्हाराचे आख्खे घराणे, वसंताला वसंत, बहार, हिंडोल, फाल्गुनात होरी आणि चैत्रात चैती. हे नियम शास्त्राने घातले की केवळ रूढी आहे, यावर जाणकार भांडत आले आहेत. वाळकेश्वरचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनी बंदिशी गोळा करता करता या वेळांचीही पद्धतशीर मांडणी केली, तेव्हापासून तर वाद अधिकच रंगला. मला त्या वादात पडायचे नाही. रूढी म्हणा हवे तर. पण पुरणपोळी होळीला आणि उकडीचे मोदक चतुर्थीला खाण्यातही रूढीच आहे, आणि ती जिभेत उतरली आहे.

आता मांडवातला महोत्सव पाहा. तो थंडीत असतो, कारण मैदानात पाऊस चालत नाही आणि उन्हाळा सोसत नाही. तो दुपारी तीन-चारला सुरू होतो आणि रात्री दहाला संपतो. म्हणजे वर्षातल्या सहा ऋतूंपैकी जेमतेम दीड, आणि दिवसातल्या आठ प्रहरांपैकी दोन. उरलेले सगळे संगीत या खिडकीबाहेर राहते. आपण म्हणतो, अमक्यांचा मारवा काय होता! तमक्यांचा पूरिया धनाश्री अजून कानात आहे. तोडीची अशी आठवण किती जणांना आहे? मला स्वतःला, चाळीस वर्षे ऐकत असून, समोर बसून ऐकलेल्या तोड्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. मियाँ मल्हाराची गत तीच, फरक इतकाच की पावसाळ्यात 'वर्षागीतां'च्या कार्यक्रमात एखादी बंदिश दहा मिनिटे चाखायला मिळते. रामदासी मल्हार, सूर मल्हार हे माझ्या पिढीने कॅसेटवरच भेटलेले पाहुणे. आणि गवई तरी काय करणार? जे गायला कुणी बोलावत नाही ते रियाजात मागे पडते. शिष्याला तो राग तालमीत मिळतो, मंचावर मिळत नाही, आणि मंचावर न तापलेला राग पुढच्या शिष्याकडे कोमटच जातो.

दिवाळी पहाट आहे की, असे कुणी म्हणेल. आहे, आणि मला आवडतेही. पण ती एक सकाळ आहे, तिच्यात अभ्यंगस्नान, फराळ, भावगीते, नाट्यगीते आणि प्रायोजकाचा सत्कार हे सगळे कोंबायचे असते. ललित तिथे आलापीत रमेल अशी अपेक्षा करणे हा ललितवरच अन्याय.

रात्रीच्या रागांचे तर आपण चक्क सुतकच धरले आहे. कुठल्याही बुजुर्ग रसिकाशी बोला, ते सांगतील: दहाचा नियम आला आणि दरबारी गेला. खरेच आहे, आणि अर्धेच खरे आहे. ध्वनिप्रदूषणाबाबतचे केंद्राचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते, इतके सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच नियमात एक अपवाद लिहिलेला आहे आणि तो कुणी वाचत नाही: बंदिस्त जागेत, आतल्या आत ऐकू जाण्यापुरता, ध्वनिक्षेपक रात्रीही चालतो, आणि उदाहरण म्हणून तिथे सभागृहांचेच नाव दिलेले आहे. नियमाने मांडव बंद केला, सभागृह बंद केले नाही. आणि हे नाटकवाल्यांना वेगळे सांगावे लागत नाही. रात्री साडेनऊचा प्रयोग मराठी माणसाने पिढ्यान् पिढ्या पाहिला आहे, तो बाराच्या पुढे सुटतो, बाहेर रिक्षावाले थांबलेले असतात आणि कुणी पोलिसांना फोन करत नाही. ज्या रंगमंदिरात नाटक साडेबाराला सुटू शकते त्याच रंगमंदिरात महिन्यातून एकदा रात्री साडेनऊला मालकंस सुरू का होऊ शकत नाही?

होऊ शकतो. फक्त ते कुणाचे काम आहे, हे ठरलेले नाही.

आपल्याकडची सार्वजनिक सभागृहे पाहिली की मला गावाकडची धर्मशाळा आठवते. जो येईल त्याने उतरावे, पैसे भरावे, जावे. नगरपालिका आणि महानगरपालिका नाट्यगृह बांधतात, त्याला थोर कलावंताचे नाव देतात, आणि मग एक व्यवस्थापक नेमून तारखा भाड्याने देऊ लागतात. शनिवार-रविवार नाटकांना, बाकी दिवशी शाळांची स्नेहसंमेलने, पुरस्कार, पुस्तक प्रकाशने, पतसंस्थेची वार्षिक सभा, लावणी, ऑर्केस्ट्रा. यातले काहीही वाईट नाही. पण त्या इमारतीला स्वतःचे म्हणणे काय आहे? या शहराने या वर्षी काय ऐकावे, असा विचार करणारा एक तरी माणूस त्या इमारतीत पगारावर बसलेला आहे का? व्यवस्थापकाला आपण वातानुकूलन, स्वच्छतागृहे आणि अनामत रक्कम यांचा हिशेब विचारतो, कार्यक्रमांचा विचारत नाही. ग्रंथालयाने पुस्तके न घेता नुसती कपाटे भाड्याने द्यावीत, तसे हे आहे.

बालगंधर्व रंगमंदिराचे भूमिपूजन १९६२ मध्ये खुद्द नारायणराव बालगंधर्वांच्या हस्ते झाले. २६ जून १९६८ला, त्यांच्या जन्मदिनी, ते उघडले तेव्हा नारायणराव हयात नव्हते. ज्या माणसाच्या संगीत नाटकाला लोक पहाटेपर्यंत 'वन्स मोअर' घेत बसत, त्याच्या नावाच्या वास्तूला गाण्याचा स्वतःचा हंगाम असावा, ही काही फार मोठी मागणी नाही.

हंगाम ही कल्पना परदेशातून आणावी लागेल असे ज्यांना वाटते त्यांनी आपलीच जुनी दप्तरे उघडावीत. पुण्यात १८७४ साली गायन समाज स्थापन झाला. कोल्हापूरचा देवल क्लब १८८३चा. भास्करबुवा बखल्यांनी पुण्यात १९११ मध्ये भारत गायन समाज काढला. मुंबईत गिरगावातला लक्ष्मी बाग, ट्रिनिटी क्लब, देवधर मास्तरांची संगीत शाळा, पुढे दादर-माटुंग्यापासून उपनगरांपर्यंत पसरलेली म्युझिक सर्कल. त्यांची रीत काय होती? सभासदाने वर्षाची वर्गणी भरायची, मंडळाने ठरल्या क्रमाने बैठका करायच्या. कधी मोठा गवई, कधी उमेदीचा. सतरंजीवर साठ-सत्तर माणसे, मध्यंतरात कप-बशीतला चहा. हा हंगामच होता की! सभासदाला आवडता गायक असो-नसो, वर्गणी भरलेली असल्याने तो जायचा, आणि न ऐकलेल्या माणसाचे गाणे ऐकून परत यायचा. आज आपण नाव पाहून तिकीट काढतो. त्यामुळे नवे नाव ऐकायला येतच नाही आणि मंचावर तीच बारा-पंधरा माणसे दरवर्षी फिरत राहतात. काही सर्कल अजून हिंमत धरून चालू आहेत, त्यांना माझा नमस्कार. पण त्यांच्याकडे जागा नाही आणि ज्यांच्याकडे जागा आहे त्यांच्याकडे सर्कल नाही, अशी आपली कुंडली जमत नाही.

हंगाम नसला की कलावंत जातो कुठे, याचे उत्तर गोव्याच्या संगीतकारांनी दिलेले आहे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवले जाई. ती पोरे मुंबईला आली. मुंबईत मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला होता, पण बारमाही पोट भरेल असा संगीतगृहाचा हंगाम शहरात नव्हता. मग ही माणसे हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात शिरली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यातले एक मोठे नाव. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालांचे ते गुरू. १९५८ साली त्यांनी भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणणारा स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करून पाहिला. तो टिकला नाही. चित्रपटसंगीताचे त्यात सोने झाले, हे मान्य. पण त्या माणसाच्या डोक्यातले संगीत कुठल्या सभागृहाने दर महिन्याला मागितले असते तर काय झाले असते, हा विचार मला छळतो.

मुंबईतच याच्या उलट उदाहरणही आहे. नरिमन पॉइंटच्या टोकाला, समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, उभे आहे. जमशेद भाभा आणि जे. आर. डी. टाटा यांनी १९६९ मध्ये ही संस्था काढली. तिथले टाटा थिएटर १९८० साली उघडले. वास्तुकार फिलिप जॉन्सन, ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची, आणि आवाज यंत्राविना शेवटच्या रांगेपर्यंत जावा हा त्यामागचा आग्रह. पु. ल. देशपांडे आणि अशोक रानडे यांनी त्या संस्थेत काम केले आहे. याच ठिकाणी २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला, खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांच्या पुढाकाराने. त्याचे वसंत आणि शरद असे दोन हंगाम जाहीर होतात, कुठल्या संध्याकाळी कुणाची कुठली रचना वाजणार हे आधी छापून येते. वादकांत परदेशी बरेच, भारतीय थोडे, म्हणून नाके मुरडणारे आहेत. त्यांनी हेही पाहावे की त्या ऑर्केस्ट्राच्या आसऱ्याने मुलांसाठी शिक्षण सुरू झाले आहे, आणि २०१५ मध्ये झाकीर हुसेन यांनी तबला आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी लिहिलेला 'पेश्कार' तिथेच पहिल्यांदा वाजला. सभागृहाला हंगाम भरायचा असतो, म्हणून ते कलावंताकडे नवे काही मागते. मांडव मागत नाही. मांडवाला हमखास रंगणारे लागते आणि शेवटी भैरवी लागते.

एनसीपीएचे तिकीट, तिथवरचा प्रवास आणि दक्षिण मुंबईचा तो थंडगार दरारा ओलांडून डोंबिवलीचा माणूस तिथे किती वेळा जाणार, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून तर मी बोलते आहे ते गावोगावच्या सार्वजनिक सभागृहांबद्दल. सांगलीचे, नाशिकचे, लातूरचे, ठाण्याचे.

इथे तीन आक्षेप येतात. ते मी पाहुण्यांसारखे बसवून घेते, कारण ते खरेच वजनदार आहेत.

पहिला गवयांचा. आमचे गाणे म्हणजे काही छापील सिम्फनी नव्हे, राग आधी जाहीर कसा करणार? त्या दिवशी गळा काय मागेल ते गळ्यालाच ठाऊक. यात तथ्य आहे आणि थोडा लाडावलेपणाही आहे. आकाशवाणीवर गाणारा प्रत्येक कलाकार काय गाणार ते आधी लिहून देत आला आहे, आणि त्यामुळे कुणाच्या प्रतिभेला लकवा मारल्याचे ऐकिवात नाही. उलट सकाळच्या सभेत सकाळचा राग आणि रात्रीच्या सभेत रात्रीचा, ही शिस्त इतकी वर्षे पाळली ती त्या सरकारी पेटीनेच. आणि सर्वांत मोठा पुरावा कुमार गंधर्वांचा. कुमारांइतका स्वतःच्या मर्जीने गाणारा गवई दुसरा दाखवा. त्यांनीच 'गीतवर्षा', 'गीत हेमंत', 'गीत वसंत' असे ऋतूंवर बांधलेले, आधी आखलेले, एकेक बंदिश निवडून रचलेले कार्यक्रम केले. आखणीने त्यांचे गाणे बांधले गेले नाही. ऐकणाऱ्याला मात्र कळले की मल्हार हा एक राग नसून एक प्रदेश आहे.

दुसरा आक्षेप हिशेबनिसांचा: पावसात मंगळवारी येणार कोण? चाळीस माणसे. बरोबर, चाळीसच. नऊशे खुर्च्यांत बसवली तर ती सुतकासारखी दिसतील. पण बहुतेक नाट्यगृहांत वर एक छोटे दालन असते, तालमीची खोली असते, कलादालन असते. तिथे सतरंजी अंथरा, चाळीस माणसांत खोली भरून जाईल. मायक्रोफोन काढून ठेवा. ज्यांनी मायक्रोफोनशिवाय चार हातांवरून तानपुऱ्याचा षड्ज आणि त्यात मिसळणारा माणसाचा गळा ऐकलेला नाही, त्यांना आपण शास्त्रीय संगीत ऐकले आहे असे मी, जरा उद्धटपणा पत्करून, म्हणू देणार नाही. मांडवात आपण ऐकतो तो ध्वनिक्षेपक, आणि पाहतो तो पडदा. मोठ्या गर्दीसाठी ते अपरिहार्य आहे. पण आवाजाचा कण, श्वास, तबल्याच्या शाईवर बोट घासल्याचा नाद, हे चाळिसांच्या खोलीतच मिळते.

तिसरा आक्षेप पैशांचा, आणि तो सर्वांत अवघड. महोत्सवाला प्रायोजक मिळतो कारण तिथे फलकासमोर हजारो डोळे असतात. चाळीस माणसांपुढे कोण फलक लावणार? कुणीही नाही, आणि न लावलेलेच बरे. हा खर्च सभागृहानेच करायचा, म्हणजे आपल्या करातून. किती, ते एकदा शांतपणे मोजू या. खोली पालिकेची. दिवे पालिकेचे. उमेदीचा गायक, तबलजी, पेटीवाला, तानपुऱ्यावर दोन शिष्य. यांचे मानधन हाच काय तो खरा खर्च, आणि एखाद्या महोत्सवाच्या कमानीवर आणि फुलांवर जे जाते त्यात अशा बऱ्याच बैठका निघतील. पन्नास-शंभर रुपये तिकीट ठेवावेच. फुकट ठेवू नये. आपल्याकडे फुकटाची एक वेगळीच बाधा आहे, तिला 'सन्मानिका' म्हणतात. नगरसेवकापासून प्रेसवाल्याच्या साडूपर्यंत सगळ्यांना ती हवी असते, पुढच्या तीन रांगा तिच्यासाठी राखीव असतात, आणि विलंबित संपायच्या आत त्या तीन रांगा उठून गेलेल्या असतात. तिकीट काढलेला माणूस निदान पाऊस पडला तरी येतो.

मानधनाचा मुद्दा नुसत्या दानधर्माचा नाही. महोत्सवाच्या अर्थकारणात वरच्या चार नावांना भरपूर मिळते आणि पेटी-तबल्याच्या साथीदाराला डिसेंबरात उसंत नसते, जुलैत काम नसते. शिकवण्या करून वर्ष काढायचे. ज्या तरुणाने बारा वर्षे तालीम घेतली त्याने वर्षात किती वेळा लोकांसमोर बसावे? चेन्नईचा मार्गळी महिन्यातला, डिसेंबर-जानेवारीतला कर्नाटक संगीताचा हंगाम इथे आठवतो. तिथली सगळी व्यवस्था मला पसंत नाही. महिन्याभरात शहरभर इतक्या कचेऱ्या (तिकडे मैफलीला कचेरी म्हणतात) की माणूस गाण्यापेक्षा सभांच्या, म्हणजे त्या मैफली भरवणाऱ्या संस्थांच्या, उपाहारगृहांतल्या इडली-वड्यांची तुलना जास्त करतो. पण त्यांनी एक जिना बांधला आहे. दुपारची वेळ नवोदितांची, बहुतेक ठिकाणी प्रवेश फुकट. तिथे रंगलेला पुढच्या काही वर्षांत दुपार कलताना गातो, मग संध्याकाळच्या मुख्य वेळेला. कोण कुठल्या पायरीवर आहे ते सगळ्या शहराला दिसते. आपल्याकडे जिनाच नाही. एक तर शिष्यांचा गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम, नाही तर एकदम दहा हजारांचा मांडव, आणि मधली पंधरा वर्षे रियाज नावाच्या अंधाऱ्या खोलीत.

तेव्हा मागणे इतकेच की प्रत्येक सार्वजनिक नाट्यगृहाने ज्येष्ठात, मृग नक्षत्र लागायच्या सुमारास, आपला वर्षाचा हंगाम छापावा. बारा-पंधरा बैठका पुष्कळ झाल्या. आषाढ-श्रावणात मल्हाराच्या दोन संध्याकाळी. भाद्रपदात गणपती आपले काम करतातच, तिथे हात घालू नये. शरदात एखाद्या रविवारी सकाळी आठला तोडी, आणि नंतर उपमा द्यावा, म्हणजे घरचेही येतील. कोजागरीला रात्री साडेनऊ ते साडेबारा, दूध आटेपर्यंत. डिसेंबर महोत्सवांना मोकळा सोडावा. माघात वसंत-बहार, फाल्गुनात होरी-ठुमरी, चैत्रात दुपारचे सारंग, पंखे बंद करून खसाचे पडदे लावून. एक बैठक केवळ एकाच रागाची, दोन वेगवेगळ्या घराण्यांच्या गायकांकडून. एखादी फक्त पेटीची किंवा सारंगीची. निवेदक नको. 'आता मी फार वेळ घेणार नाही' असे म्हणून वेळ घेणारा कुणीच नको. शाल-श्रीफळ नको. हंगाम आखायला एक माणूस नेमा, दोन-तीन वर्षांसाठी, त्याचे नाव कागदावर छापा, म्हणजे निवड फसली तर शिव्या कुणाला घालायच्या ते कळेल. समित्यांना शिव्या घालून काही उपयोग होत नसतो.

त्या मंगळवारानंतर चार दिवसांनी मी आमच्या जवळच्या एका नाट्यगृहाच्या कचेरीत गेले. व्यवस्थापक भला माणूस. त्याने चहा मागवला, लांबट हिरवी वही पुढे ओढली आणि विचारले, "ताई, तारीख कुठली हवी?" मी म्हटले, तारीख नको, तुमच्याकडे जुलैत गाण्याचं काय आहे ते विचारायला आले. त्याला प्रश्न कळला नाही, म्हणजे प्रश्नाची भाषा कळली, प्रश्न कळला नाही. "आमच्याकडे काही नसतं हो. तुम्ही करता, आम्ही जागा देतो." मग जरा थांबून, मी रुसू नये म्हणून असेल, त्याने वही माझ्याकडे वळवली. शनिवार-रविवार लाल शाईने गच्च भरले होते. बुधवारी कुठल्या तरी क्लासचा गुणगौरव, शुक्रवारी जादूचे प्रयोग. जुलैतल्या पाचही मंगळवारांच्या रकान्यांत मात्र पेन्सिलने बारीक अक्षरांत एकच शब्द लिहिला होता: 'साफसफाई'.

"वरचा छोटा हॉल?" मी विचारले.

"तो तर वर्षभर रिकामाच असतो," तो म्हणाला, आणि किल्ली शोधायला लागला.